अस्वलासाठी पिस्तूल

माझ्या नवऱ्याला एका संध्याकाळी पिस्तूल निवडायचा अधिकार मिळाला, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या घरात दुसरं काहीच निवडलं गेलं नाही. सोफा फाटला होता, मुलीचे अकरावीचे विषय ठरायचे होते, माझ्या चष्म्याची फ्रेम बदलायची होती. सगळं पिस्तुलाच्या मागे रांगेत उभं राहिलं.

आम्ही बहरीनमध्ये रिफाला राहतो. नवरा अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात देखभालीचा सुपरवायझर आहे, आणि मी मीना सलमान बंदरावर जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत ऑफिस सांभाळते. दोघंही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. या गोष्टीला कारण झाला तो नवऱ्याचा अमेरिकन साहेब. बरीच वर्षं नोकरी करून तो निवृत्त होऊन मोंटानाला परत चालला होता, म्हणून आम्ही त्याला जेवायला बोलावलं. माझ्या हातचं मटण त्याने डोळे पुसत पुसत खाल्लं आणि रस्सा पुन्हा मागून घेतला. मग तो त्याच्या घराबद्दल सांगू लागला. घरामागे डोंगर, डोंगरावर जंगल, जंगलात हरणं आणि अस्वलं. पानगळीच्या दिवसांत तुम्ही दोघं या, हरणाच्या शिकारीला जाऊ, असं त्याने आमंत्रण दिलं. तिकडे शिकारीला जाताना अस्वलाच्या भीतीने छातीवर एक दणकट पिस्तूल लावतात, त्याला एक नवीन घ्यायचंच होतं, आणि त्याच्याच तोंडून पुढचं वाक्य निघालं.

"इतकी वर्षं माझे सगळे पंप तूच निवडलेस. आता पिस्तूलही तूच निवड."

साहेब थट्टेने बोलला असावा. माझ्या नवऱ्याला थट्टा कळते, पण त्यात 'निवड' हा शब्द असला तर कळत नाही. ज्या माणसाने मिक्सर घेताना तीन दुकानदारांना मोटरच्या तांब्याच्या वायरीबद्दल विचारून रडकुंडीला आणलं होतं, त्याला साहेबाने हे काम दिलं होतं. साहेब विमानात बसण्याआधीच यांचा अभ्यास सुरू झाला.

तोपर्यंत यांनी आयुष्यात पिस्तुलाला हात लावलेला नव्हता. बहरीनमध्ये तो लागायचीही शक्यता नव्हती. इथे आपल्यासारख्या माणसाने बंदुकीचा विचारसुद्धा दार लावून करावा. मी यांना पहिल्याच दिवशी बजावलं की हे असलं काही कंपनीच्या कॉम्प्युटरवर शोधायचं नाही, नाहीतर साहेब मोंटानाला पोचायच्या आत आपण चंद्रपूरला पोचू. त्यांनी ते ऐकलं. घरच्या सोफ्यावर, फाटलेल्या बाजूला बसून, कानात हेडफोन घालून ते दाढीवाल्या अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघू लागले. ती माणसं ओल्या मातीच्या ढिगांवर, पाण्याच्या कॅनवर आणि कलिंगडांवर गोळ्या झाडायची. कलिंगड फुटलं की हे मान डोलवायचे, जणू मुलीचा गणिताचा पेपर चांगला गेला.

महिन्याभरात आमच्या जेवणाच्या टेबलावर नवी भाषा आली. रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक, हा पहिला प्रश्न. रिव्हॉल्व्हरची गोळी जबरदस्त, पण मोजक्याच गोळ्या आणि पुन्हा भरायला वेळ. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मुठीतच भरलेलं मॅगझिन, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर. मग गोळीची जाडी. नऊ मिलिमीटर माणसांसाठी ठीक, पण अस्वलाच्या चरबीपुढे कमी पडेल. दहा मिलिमीटर योग्य. नळी लांब असली की नेम चांगला, म्हणजे शिकारीला बरी, आणि आखूड असली की चटकन निघते, म्हणजे जिवाला बरी. गोळी कुठली, तर आत जाऊन फुलणारी नको, कडक शिशाची हवी, सरळ हाडापर्यंत जाणारी. हे सगळं ते मला वांग्याचं भरीत खाताना सांगायचे. मुलगी आमचं मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिने एकदा ताटातून मान वर करून विचारलं, "बाबा, व्हॉट डिड द बेअर डू?" त्यावर यांनी तिला अस्वलाचा पळण्याचा वेग सांगितला.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुस्लिम कुटुंब राहतं. त्यातले भाई माझ्याच कंपनीत गोदाम बघतात आणि त्यांची बायको माझी मैत्रीण आहे. भाईंच्या घरी कोकणात शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. त्यामुळे या विषयात बोलायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटायचं, आणि तो हक्क ते रोज बजावायला खाली यायचे. भाईंचं म्हणणं पिस्तूल हे सिनेमातलं हत्यार, जनावराला लांब नळीच हवी. यांचं म्हणणं लांब नळी खांद्यावरून उतरेपर्यंत अस्वल पोचलेलं असतं. दोघांचा आवाज चढायचा, मग भाई म्हणायचे, "खलास, तुम्हाला कळतच नाही," आणि चहा अर्धा टाकून वर जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. भाभीने मला एकदा हळूच सांगितलं की ती बंदूक भाईंच्या वडिलांच्या नावावर आहे, भाईंनी ती फक्त पुसली आहे. मी हे यांना सांगितलं नाही. आमच्या इमारतीतल्या दोन तज्ज्ञांपैकी एकाने तरी बंदूक पुसली होती, हे यांना झेपलं नसतं.

आम्ही बौद्ध. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडची काही कुटुंबं कोणाच्यातरी घरी वंदनेला जमतात. एका शुक्रवारी ती आमच्याकडे होती. यांनी सगळ्यांबरोबर डोळे मिटून, स्वच्छ उच्चारात पंचशील म्हटलं, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील तर जरा मोठ्यानेच. मग चहा आला आणि हे दोन तरुण इंजिनिअरांना कडक शिशाची गोळी हाडातून कशी जाते ते बिस्किटावर बोट ठेवून समजावू लागले. आमच्यातल्या एक वयस्कर ताई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, शिकारीला जाताय म्हणता?" यांनी सांगितलं की शिकार नावाला, खरं तर हे स्वसंरक्षण आहे. ताई म्हणाल्या, "अस्वलाचं समजलं. पण हरणापासून कसलं संरक्षण?" यांनी जरा विचार केला आणि हरिण साहेबाचं आहे असं उत्तर दिलं. ताईंनी बिस्कीट चहात बुडवलं.

सगळ्यात बिकट परीक्षा सासूबाईंची झाली. त्यांच्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत जुना व्रण आहे. यांच्या लहानपणी मोहफुलं वेचायला गेल्या असताना अस्वलाने पकडलं होतं. आमच्या भागात ही काही सांगून फिरायची गोष्ट नाही, मोहाच्या दिवसांत दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतं. इतकी वर्षं यांनी आईला त्याबद्दल कधी धड विचारलं नव्हतं. आता अभ्यासासाठी माहिती हवी म्हणून व्हिडिओ कॉल लावला. अस्वल दिसलं तेव्हा नेमकं किती अंतर होतं, असा पहिला प्रश्न.

"अंतर कायचं बापू? अंगावरच होतं ना थे," सासूबाई म्हणाल्या.

मग तू काय केलंस, हा दुसरा प्रश्न. त्यांनी हातातलं मोहाचं टोपलं त्याच्या तोंडावर हाणलं, ते टोपल्यात नाक अडकून मागे सरलं, आणि तेवढ्यात बाकीच्या बाया ओरडत आल्या. टोपलं फुटलं याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं, नवीनच होतं. यांनी तिकडच्या अस्वलांचा आकार सांगितला, पिस्तुलाचं सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पण बापू, त्या अस्वलानं तुले काय केलं? तू काऊन त्याच्या घरी चाल्ला?"

नेट खराब आहे असं म्हणून यांनी फोन ठेवला. नेट उत्तम होतं. मी त्याच नेटवर भाभीला हे सगळं लगेच कळवलं.

हिवाळ्यात प्रश्न वजनाचा आला. पोलादी पिस्तूल जड, पण धक्का कमी देतं. प्लॅस्टिकच्या मुठीचं हलकं, पण उसळतं. दिवसभर छातीवर किती वजन सोसेल, हे अंगावर घेतल्याशिवाय कळणार कसं? इथे खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरायचीही माझी हिंमत नव्हती. तेव्हा यांनी स्वयंपाकघरातून मसूर डाळीचं एक मोठं पाकीट घेतलं, मुलगी तान्ही असताना तिला छातीशी बांधायचा पट्टा माळ्यावरून काढला, आणि डाळ त्यात बसवली. वरून जॅकेट. असे ते घरात, जिन्यात, आणि एकदा मला न सांगता वाण्याच्या दुकानातही जाऊन आले. पट्ट्यावर बदकांचं चित्र होतं. आरशासमोर उभं राहून ते उजव्या हाताने झटकन डाळ उपसायचे.

त्याच पट्ट्यासह ते साखीरच्या वाळवंटात आले. तिथे हिवाळ्यात लोक तंबू ठोकून राहतात. यांच्या कारखान्यातल्या काहींनी तंबू घेतला होता, आम्हालाही बोलावलं होतं. वाळूत चालताना छातीवरचं वजन कसं लागतं, हे यांना तपासायचं होतं. ऊन उतरलं, कोळशावर मटण लागलं, आणि वासाने भटकी कुत्री आली. चार-पाच असतील, दांडगी आणि उपाशी. तंबूपासून जरा लांब आम्ही दोघंच उभे होतो. कुत्री गुरगुरत जवळ येऊ लागली.

यांचा हात छातीकडे गेला. इतक्या महिन्यांची तयारी होती, हात अगदी बरोबर गेला. डाळही झटकन निघाली, फक्त पाकीट बदकांच्या बकलात अडकून फाटलं. केशरी डाळीची धार यांच्या बुटांवर पडू लागली, आणि हे रिकामं होत चाललेलं पाकीट दोन्ही हातांनी कुत्र्यांवर रोखून उभे राहिले. मी खाली वाकले. नुसती वाकले, वाळूत दगड कुठला असणार. पण माणूस वाकलं की कुत्रं पळतं, हे आमच्या गावच्या कुत्र्यांना माहीत आहे आणि बहरीनच्याही. कुत्री लांब जाऊन उभी राहिली. यांनी पाकिटाची घडी घातली आणि बकल नायलॉनचं नको, हा निष्कर्ष मला सांगितला. मी तिथेच वाळूत बसून पोट दुखेपर्यंत हसले. ते माझ्यावर चिडले नाहीत, बुटातली डाळ काढत बसले. घरी आल्यावर त्यांनी बदकांचा पट्टा परत माळ्यावर टाकला आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. उन्हाळा लागायच्या सुमाराला निकाल जाहीर झाला. दहा मिलिमीटर, सेमी-ऑटोमॅटिक, सहा इंची नळी, चामड्याचा छातीपट्टा. कारणांसकट लांबलचक ईमेल साहेबाला गेली. तासाभरात साहेबाचं उत्तर आलं की दुकानात जाऊन तेच घेतलं, आभार. नवऱ्याचा चेहरा उतरला. साहेबाने निदान दोन शंका तरी काढायला हव्या होत्या. ज्या निवडीसाठी आपण वर्ष घातलं ती माणूस दूध आणायला जाताना करून आला, याचं दुःख त्यांना दोन दिवस पुरलं.

व्हिसाच्या मुलाखतीला जाताना मी गाडीत दहादा सांगितलं की थोडक्यात बोला, मित्राला भेटायला जातोय म्हणा. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, तिकडे काय करणार? हे सुरू झाले. साहेब, हरिण, अस्वल, नळी, शिसं. मी पायावर पाय दिला, तर त्यांनी पाय बाजूला घेतला. अधिकारी मान हलवत ऐकत राहिला. शेवटी त्याने एकच विचारलं, यातलं एखादं आजवर चालवलं आहे का? यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या नजरेनेच आम्हाला व्हिसा दिला.

मुलीला भाभीकडे ठेवून आम्ही गेलो. साहेबाचं घर त्याने सांगितलं होतं तसंच होतं, डोंगर, पिवळी झाडं, आणि असली थंडी की माझे दात वाजायचे थांबेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेमबाजीच्या मैदानावर नेलं आणि पिस्तूल यांच्या हातात दिलं. यांनी ते असं धरलं, जसं लग्नात नवरदेव नारळ धरतो. ते जड होतं, काळं होतं आणि मसूर डाळीसारखं अजिबात नव्हतं. पहिली गोळी सुटली, मागच्या टेकडीला लागली. टेकडी मोठी होती. दुसऱ्या गोळीला मनगट सैल पडलं आणि पिस्तूल अडकलं. साहेबाने ते सोडवून पुन्हा दिलं, अंगठा खाली ठेव म्हणून सांगितलं. तिसऱ्या गोळीला अंगठा वर होता. पिस्तुलाचा वरचा भाग सर्रकन मागे आला आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोलून गेला. मला शंभर वेळा समजावलेल्या गोष्टींत हे नव्हतं. साहेबाच्या बायकोने पट्टी बांधली.

मग मी साहेबाला विचारलं की तो स्वतः काय घेतो. त्याने कमरेचा लाल डबा दाखवला. मिरचीचा फवारा. अस्वल आलं तर त्याच्या तोंडावर मारायचा. पिस्तूलही असतं, पण पहिला हात याच्याकडे जातो, नेम धरावा लागत नाही, असं त्याने सांगितलं. वर्षभर आमच्या घरात कोणी मिरचीचं नाव काढलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं, तर ते पट्टीकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं जंगलात गेलो. नियमाप्रमाणे परवाने साहेबाने काढून ठेवले होते. यांच्या छातीवर ते पिस्तूल, माझ्या अंगावर साहेबाच्या बायकोचे दोन कोट. बरंच चालल्यावर एका ओढ्यावर हरिण दिसलं. चांगलं जवळ होतं, आडवं उभं. साहेबाने यांना खूण केली. यांनी पिस्तूल काढलं, अंगठा खाली ठेवला, दोन्ही हातांनी नेम धरला. वेळ जाऊ लागला. साहेबाने पुन्हा खूण केली.

"पाणी पिऊन राहिलं वो थे," नवरा माझ्या कानाशी कुजबुजला.

ते पीतच राहिलं. पोटभर पिऊन, मान वर करून, आमच्याकडे न बघता झाडीत निघून गेलं. यांनी पिस्तूल परत पट्ट्यात घातलं. पहिलं शील आड आलं, असं ते मला नंतर म्हणाले. मला वाटतं निम्मं शील होतं आणि निम्मा अंगठा.

परतताना अस्वल भेटलं. ओढ्याच्या पलीकडे झुडपातली फळं खात होतं. आधी मला ती खडकाची पाठ वाटली, मग खडकाने मान वळवली. साहेबाने लाल डबा हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की पळू नका, मागे सरा, आणि शांतपणे बोलत राहा, म्हणजे त्याला आपण माणसं आहोत हे कळेल. यांचा हात छातीकडे गेला नाही. तो माझ्या दंडावर आला आणि तिथेच राहिला. बोला म्हणजे काय बोलायचं हे दोघांनाही सुचेना, तेव्हा नवऱ्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून मी भीतीतही थक्क झाले. कारखान्यात रोज काम सुरू होण्याआधी ते आपल्या कामगारांना सुरक्षेच्या चार गोष्टी हिंदीत सांगतात. तेच भाषण त्यांनी जसंच्या तसं सुरू केलं. भाईलोग, धूप बहुत है, पानी पीते रहो. हेल्मेट उतारना नहीं. चक्कर आए तो तुरंत बोलो. थंडीने आमची नाकं लाल झालेली आणि हे अस्वलाला उन्हापासून जपायला सांगत होते. अस्वल थोडा वेळ उभं राहून ऐकत होतं. मग त्याने फुस्स केलं आणि झुडपं मोडत वर निघून गेलं.

साहेब गाडीपर्यंत हसत होता. हे हसले नाहीत. माझा दंड मात्र त्यांनी गाडीत बसेपर्यंत सोडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटांचे निळे डाग होते. लग्नाला वीसेक वर्षं झाल्यावर माणूस असं धरत नाही. मी त्यावर काही टोमणा मारला नाही, आणि मला ओळखणारे सांगतील की हे किती अवघड आहे.

पिस्तूल साहेबाकडेच राहिलं, ते त्याचंच होतं. आम्ही परत आलो. अंगठ्याच्या मुळाशी लाल, वाकडी खूण उरली. पहिल्याच दिवशी कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी ती बघून विचारलं, काय हो, अस्वल? दुपारपर्यंत सगळ्या भट्ट्यांवर पसरलं की सुपरवायझरला अमेरिकेत अस्वलाने ओरबाडलं. संध्याकाळी भाई हातात मिठाई घेऊन खाली आले, जखम उजेडात धरून पाहिली आणि लांब नळी असती तर हे झालं नसतं, असं बोलून गेले. पुढची वंदना आमच्याकडे झाली तेव्हा त्या वयस्कर ताईंनीही यांच्या हातावरून हात फिरवला.

सगळे गेल्यावर मी यांना विचारलं की तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही. ते नव्या सोफ्याचे रंग बघत होते, कारण आता सोफ्याची पाळी आली होती.

"अस्वलानं केलं असं मी कुठं म्हटलं?" ते म्हणाले. "कोणी विचारलं तर मी फक्त थोडा वेळ गप्प बसतो."